सतरा मेलेले उंदीर

"रख दे! हाथ मत लगा!"

बरणी माझ्या हातात होती. टेबल पुसायचं होतं, म्हणून उचलली. वैद्यजी दारातून ओरडले. मी बरणी ठेवली. त्यांनी दुसऱ्या माणसाला बोलावून अख्खी बरणी मोरीत ओतायला लावली. साप चावल्यावर द्यायचं औषध होतं ते. जडीबुटी, त्यात भस्म. कितीतरी दिवस खलून केलेलं.

"अब ये दवा नहीं रही." माझ्याकडे न बघता बोलले.

मोरी मग मीच धुतली.

जबलपुरात, अधारतालच्या पुढं, वैद्यजींच्या खासगी औषधशाळेत मी उंदरांचे पिंजरे सांभाळत होतो. बाप भंडाऱ्याकडून आलेला, कारखान्यात मजूर. आम्ही बौद्ध. मी सायन्स घेऊन शिकलो, पुढं कॉलेज जमलं नाही. लेंड्या काढायच्या, मेलेला उंदीर उचलायचा, ते माझं काम. औषधाला हात नाही.

त्या दिवशी राग आला असं म्हणणार नाही. काहीच आलं नाही. जेवलो, ते कसं लागलं कळलं नाही.

"काहून गप बसून राहिले?" बायकोनं विचारलं.

"काई नाई."

मग औषधाची नवी खेप तयार झाली, गोळ्या वळून. बाजारात जाण्याआधी तपासणी. वीस पांढरे उंदीर. दहांना सापाचं विष टोचून वरून औषध पाण्यात कालवून पाजलं. दुसऱ्या दहांना नुसतं औषध. औषधच घातक नाही ना, हे कळावं म्हणून. टोचणं-पाजणं एका तरुण डॉक्टरांनी केलं. राखण आणि नोंद माझी.

सकाळी कुलूप काढलं. विषाचे दहाही गेले होते. दुसऱ्या पिंजऱ्यात सहा मेलेले. त्यांना तर विष दिलंच नव्हतं. उरलेले चार कोपऱ्यात, केस उभे राहिलेले. एकाला तळहातावर घेतलं. थोडे पाय हलवले त्यानं. मग थंड झाला.

रजिस्टरात लिहिलं : मृत सतरा.

वैद्यजींनी वाचलं आणि पान फाडलं.

"पहले में आठ ज़िंदा लिख. दूसरे में दसों. नीचे दस्तखत कर."

"पर मर गए हैं, वैद्यजी."

"मरे हुए उठाना तेरा काम है. तेरी जात को शास्त्र कब से समझने लगा?"

तरुण डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

पेन माझ्या पुढ्यात. मला दिसली मंडल्याकडच्या जंगलातली माणसं. तेंदूपत्ता तोडायला अनवाणी जाणारी. साप चावला की ही गोळी घेतील आणि घरीच बसतील. दवाखान्यात जाणार नाहीत. आणि खाली माझं नाव. माझा हात औषधाला चालत नव्हता. सहीला चालत होता.

"मी नाही लिहिणार."

मराठीच निघालं तोंडातून. घरची भाषा. त्यांना समजलं.

त्याच दिवशी काढून टाकलं. सही दुसऱ्या कोणी तरी केली. औषधाचे खोके बाजारात गेले.

मी घरी बसून सगळं कागदावर उतरवलं आणि औषध निरीक्षकाच्या कचेरीत गेलो.

"आप वैद्य हैं?" साहेबांनी विचारलं.

"नहीं. पिंजरे धोता था."

कागद फायलींच्या खाली गेला.

पुढं एकदा कमानिया गेटजवळच्या दुकानात तीच गोळी दिसली. खेड्यातला एक म्हातारा घेत होता. मी म्हटलं, "बाबा, ये मत लो. साँप काटे तो सीधे अस्पताल जाना." दुकानदारानं मला ढकललं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, पुडी खिशात घातली आणि निघून गेला.

मी रस्त्यावर उभा होतो. वाईटही वाटलं नाही. एवढंच पक्कं झालं, की एकदा नाही म्हणून भागत नाही. दर सोमवारी त्या कचेरीत जातो. तोच अर्ज परत लिहून देतो. शिपाई हसतो. हसू दे. सतरा मेले होते, मी मोजले होते. फाडायचे तितके कागद फाडा. मी पुन्हा सतराच लिहीन.