मैदानावर कळलेला दम

खेळ शिकवणाऱ्या पठाण सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पालकसभेत, उभे राहून बोलणी ऐकून घेताना. तिसगावच्या शाळेत मराठी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. एक पालक तावातावाने म्हणत होते, "खेळाचा तास कशाला ठिवलाय? आमी पोरं शिकाया धाडतो, पळाया न्हाई." सभा हसली. सर शांतपणे एवढंच म्हणाले, "तास राहू द्या. पोरांना गरज आहे त्याची."

पुढे मी त्यांची सहकारी झाले. आईवडील ऊसतोडीला गेले की आजीपाशी राहणारी मुलं पुष्कळदा उपाशीच शाळेत येत. सर त्यांना आधी शेंगदाणे-गूळ देत, मग मैदानावर नेत. कुणी आभार मानू लागलं की विषय बदलत.

नववीतल्या मनीषाला मात्र सर कधीच विसरू शकले नाहीत. एक फेरी मारली की तिचे ओठ निळे पडत. सरांनी तिला थांबवलं आणि त्याच संध्याकाळी तिचं घर गाठलं. "छातीचा काहीतरी आजार दिसतोय. नगरला दाखवू, मी येतो सोबत."

"तुमी पळवू नका, म्हंजी दम लागनार न्हाई," वडील म्हणाले. आईला वेगळीच धास्ती होती. "लोकांना कळलं तर पोरीला कोन करून घेईल, सर?"

सर पुन्हा पुन्हा गेले. शेवटी वडिलांनी मुख्याध्यापकांना सांगून तिचा खेळच बंद केला. दिवाळीनंतर ते तिला सोबत तोडीला घेऊन गेले. कोल्हारच्या पुढे उसाच्या एका फडात डोक्यावर मोळी घेऊन चालताना ती कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या पालकसभेत दहावीचा खेळाचा तास गणिताला द्यायची मागणी झाली. तेव्हा मनीषाचे वडील दारातून बोलले. त्यांचं आता कुणीच शाळेत नव्हतं. "माझी पोर पळत हुती म्हनून ह्या सरांना तिचं दुखनं कळलं. मी पळनं बंद केलं आन् मला वाटलं, बरी झाली. तास बंद करू नका."

तरीही दहावीचा तास गणितालाच गेला.

त्यानंतर सरांनी खटपट करून दरवर्षी मुलांची डॉक्टरांकडून तपासणी सुरू केली. तीत एका मुलीच्या हृदयाचा आजार वेळेवर सापडला. आज ती कॉलेजात शिकते. मी सरांचं अभिनंदन केलं, तेव्हा ते म्हणाले, "एक राहूनच गेली ना, बाई."

सर आज साठ वर्षांचे होत आहेत. निवृत्त झाले, तरी तपासणीच्या आदल्या दिवशी ते घरोघर फिरतात, कारण त्या दिवशी पोर घरी ठेवणारी घरं गावात अजून आहेत. त्या प्रत्येक दारात जाऊन उभं राहण्याइतकं दीर्घ, निरोगी आयुष्य सरांना लाभो, आणि रात्री त्यांना शांत झोप लागो.