श्रावणातलं तेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगायला बसलो की स्वतःचीच चीड येते आणि मी विषय बदलतो. आज नाही बदलणार.

गोराईच्या खाडीलगत आमच्या मालकाची शेड आहे, तिथे आम्ही जिताडा माशाची पैदास करतो. माझं काम खाद्याचं. कोरड्या खाद्याला माशाचं तेल हाताने चोळायचं आणि माद्यांना घालायचं. पाण्याचं काम फिलिपकाकांचं. ते तिथल्याच गावातले, जन्म खाडीवर गेलेला. भरतीचं पाणी जिभेवर घेऊन खारेपणा सांगायचे. मीटर नंतर तेच दाखवायचा.

त्या वर्षी अधिक श्रावण आला. म्हणजे दोन महिने मासे बंद. कांदिवलीला घरी पोचलो की आई म्हणायची, "हाताक वास मारता तुझ्या. देवाक हात लावू नको." मग मी काय केलं? — घरातलं सूर्यफुलाचं तेल बाटलीत भरून नेलं आणि दोन्ही महिने तेच चोळलं. म्हणे धार्मिक! माझा श्रावण मी माशांना पाळायला लावला.

मला माहीत नव्हतं का? सगळं माहीत होतं. माशाच्या तेलातली चरबी मादीकडून अंड्यात उतरते. पिल्लाचे डोळे, मेंदू त्यावर घडतात. सूर्यफुलात ती नसते. पण माद्या गुटगुटीत दिसत होत्या — मला तेवढं पुरलं.

अंडी पडली. बहुतेक पांढरी होऊन तळाला बसली. फुटली त्यातली पिल्लं तीन दिवसांत मेली. मालकाने पाण्याला दोष दिला. काका माझ्याकडे वळले. "पाणी साफ होतं रे. तू तरी सांग ना."

आणि मी — त्यांच्या डब्यातलं वर्षानुवर्षं खाल्लेला मी — म्हणालो, "मला पाण्यातलं काय कळतं?"

काकांना काढलं.

पुढच्या श्रावणात मी माशाचंच तेल चोळलं, हातमोजे घालून. एवढंच करायचं होतं. एवढंच. पिल्लं उदंड झाली. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, माणूस बदलला आणि पाणी सुधारलं." मी मान हलवली. त्या मानेची मला अजून किळस येते.

परवा काका बोरिवलीच्या बाजारात भेटले. आता कुठल्याशा सोसायटीत वॉचमन आहेत. स्वतःहूनच म्हणाले, "माझीच जीभ गेली असेल रे. वय झालं."

मी म्हणालो, "होतं असं, काका."