नईमाच्या घंगाळाची गाडी

इजिप्तमधल्या दसूक गावाच्या तांबटगल्लीत आता तांबट एकच उरला होता, उस्ता, म्हणजे उस्ताद, मितवल्ली. बाकीच्यांनी ॲल्युमिनियमपुढे हात टेकले. कुणी दुकानात बूट मांडले, कुणी मुलाच्या घरी जाऊन बसला. मितवल्ली मात्र रोज सकाळी भट्टी पेटवायचा. घेवडा शिजवून विकणारे आपली उंच गळ्याची तांब्याची हंडी कल्हईला त्याच्याकडेच आणत. कल्हई झाली की तो हंडी उन्हात धरी, आत डोकावी, आणि आपल्या मिशीचा केस न् केस दिसला तरच ती गिऱ्हाइकाच्या हाती देई.

अशा माणसाने साठाव्या वर्षी भंगारवाल्याला दोन पातेली देऊन एक जुनी मोटरसायकल घरी आणली. चेक बनावटीची, त्याच्या तरुणपणातली. चाकं गंजलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार, टाकीची आतून चाळण व्हायला आलेली.

समोरचा कॉफीवाला शिहाता खुर्चीतूनच ओरडला, "उस्ता, ही गाडी आहे का गाडीचं मयत?"

"मयताला आंघोळ तरी घालू दे," मितवल्ली म्हणाला आणि ती अंगणात ढकलत नेली.

गाडी कशासाठी हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, तरी गल्लीला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको नईमा जिन्यावरून पडली आणि तिचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा ताठला, काठीसारखा. रिक्षात तो मावत नव्हता, मायक्रोबसची पायरी चढवत नव्हती. गाढवाच्या गाड्याचं नाव काढलं की ती भडकायची, "मी काय कोबीचं पोतं आहे?" तिची बहीण सनिय्या कालव्याच्या वरच्या अंगाला, चौदा किलोमीटरवर राहायची. लहानपणापासून दोघी रमजानच्या शेवटच्या दिवसांत एकत्र बसून ईदचं कहक, खजुराची बिस्किटं, करायच्या. कणीक लोण्यात मळायची, आत खजूर भरायचा, वर चिमट्याने नक्षी काढायची. गेल्या दोन ईदला सनिय्याने ताट भरून पाठवलं होतं. नईमाने त्यातला घासही तोंडात घातला नाही. "पाहुणीसारखं ताटातून आलेलं मला नको," एवढंच म्हणाली.

हिवाळाभर मितवल्ली त्या गाडीशी बोलत राहिला. इंजिन उघडून एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला. न मिळालेले बोल्ट स्वतः घासून केले. मग बाजूला जोडायच्या बैठकीची वेळ आली, तेव्हा तो सुतळी घेऊन नईमासमोर बसला.

"पाय पुढे कर, उम्म रिदा." रिदाची आई, असंच तो तिला हाक मारी, आणि ती त्याला अबू रिदा, रिदाचा बाप.

"कशाला? कफन शिवतोस की काय?"

त्याने टाचेपासून कमरेपर्यंत सुतळी लावली, गाठ मारली. दुसऱ्या दिवशी तिच्या लग्नातलं मोठं तांब्याचं घंगाळ ठोकताना तिने त्याला पकडलं.

"अरे, माझ्या आईने दिलेलं ते!"

"मग त्यात तूच बसणार आहेस," तो म्हणाला, आणि हातोडी थांबली नाही.

घंगाळाची बैठक झाली. तिला पुढे लांब नाक काढलं, होडीच्या टोकासारखं, ताठ पाय सरळ ठेवता येईल एवढं. टाकीला मात्र सगळ्यांनी सांगितलं, फेकून दे, दुसरी शोध. मितवल्लीने ती सोड्याने तीनदा धुतली, महिनाभर उन्हात उपडी ठेवली, मग भट्टीवर धरून आतून कल्हई केली. नवसागराचा पांढरा धूर अंगणभर झाला. लांब तारेला कापसाचे बोळे बांधून तो आत फिरवत होता. बोळे नईमा बसल्या जागी वळून देत होती.

रमजानच्या पंचविसाव्या दिवशी ती घंगाळात बसली. मांडीवर रिकामी ताटं, चेहऱ्यावर नवरीचा तोरा. पहिल्याच किकला गाडी बोलली. गल्ली टाळ्या वाजवत होती. कालव्याच्या पुलापर्यंत गाडी गाणं म्हणत गेली आणि पुलावर गप्प झाली. पंधरा किका मारल्या. उपाशी पोटी, कोरड्या घशाने मितवल्ली घामाने भिजला. शेवटी नईमा परत आली ती गाढवाच्या गाड्यावरून, कोबीच्या शेजारी बसून. शिहाताने पाठ फिरवून कप पुसायला घेतले. घरात शिरताना ती म्हणाली, "पुन्हा मला त्यात बसवू नकोस, अबू रिदा."

दुसऱ्या दिवशी त्याने प्लग पाहिला, ठिणगी निळी. कार्बोरेटर आरशासारखा. अंगणात इंजिन सुरेख चालत होतं. एकटा निघाला, आणि पुन्हा त्याच पुलावर तेच. बराच वेळ उभं राहिलं की चालू, जरा पुढे गेलं की बंद. ढकलत घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. "इंजिनात खोट नाही," तो पुटपुटला. "माझ्याच हातात कुठेतरी आहे."

नईमा तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मी तुला बोळे किती दिले होते?"

"कोण मोजतो?"

"मी मोजते. पाच दिले. राखेच्या डब्यात चार आहेत."

चाळीस वर्षं मितवल्ली उघड्या तोंडाची भांडी कल्हई करत आला होता. तिथे राहिलेला बोळा डोळ्यांना दिसतो. त्याने टाकी उतरवली, खालचा पेट्रोलचा कॉक काढला, आकडा घातला. पाचवा बोळा बाहेर आला, काळा आणि चिंब. गाडी पळाली की तो ओढला जाऊन भोकावर बसायचा, थांबली की हळूहळू सुटायचा.

"उस्ता म्हणे!" नईमा म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "ताटं कुठे ठेवलीस?"

अठ्ठाविसाव्या दिवशी पूल आला तेव्हा दोघांनीही श्वास धरला होता. पूल मागे पडला. गाडी परत येत नाही हे पाहून शिहाताने टोपीच हवेत उडवली होती म्हणे. ते गल्लीने नंतर सांगितलं. कालव्याकाठची माणसं कामं टाकून त्या तांब्याच्या होडीकडे बघत होती.

सनिय्या पिठाचे हात घेऊन दारात आली. "उतर ना गं!"

"का उतरू?" नईमा म्हणाली. "पाय लांब करून बसण्याजोगी दुसरी जागा आहे का तुझ्या घरात? कणीक इकडेच आण."

कणकेची परात अंगणात आली, घंगाळाच्या नाकावर आडवी ठेवली गेली. सनिय्या शेजारी स्टूल घेऊन बसली. नईमाने चिमटा उचलला. मितवल्ली लांबवर तुतीच्या झाडाखाली टेकला आणि सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानपर्यंत नुसता त्या दोघींच्या हातांकडे बघत राहिला.