धाकट्याचा साचा

ओतशाळेत सगळे त्याला धाकटा म्हणत. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटाच. कारण थोरला भाऊ तिथेच मुकादम होता. वाळूत साचा बसवण्यात धाकट्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, एक त्याला स्वतःला सोडून.

त्याला कारणही तसंच होतं. फार वर्षांपूर्वी मुकादमाची जागा रिकामी झाली तेव्हा मालकांनी सुट्टीच्या दिवशी दोघा भावांना बोलावलं आणि एकेक मोठं चाक ओतायला सांगितलं. ज्याचं चाक निर्दोष निघेल तो मुकादम. तिथली रीत अशी की, परीक्षेच्या वेळी एकाच्या साच्यात दुसऱ्याने लोखंड ओतायचं आणि साचा करणाऱ्याने तोवर फाटकाबाहेर थांबायचं. लबाडीला वाव नको म्हणून. आधी धाकट्याने थोरल्याच्या साच्यात लख्ख पांढरं, रसरशीत लोखंड ओतलं. मग थोरल्याने धाकट्याच्या साच्यात ओतलं. थोरल्याचं चाक सुरेख निघालं. धाकट्याच्या चाकाचा काठ अर्धवट भरला होता, उंदराने कुरतडल्यासारखा.

"वाफ निघायला भोकं कमी पाडलीस," मालक म्हणाले. धाकट्याने मान खाली घातली. वाळूत सळई टोचण्यात आपण हयगय केली, ही गोष्ट त्याने मनात अशी काही घट्ट धरली की विचारू नका. पुढे दुसऱ्या ओतशाळेने मुकादम म्हणून बोलावलं, तर हा शहाणा म्हणाला, "माझा हात अजून कच्चा आहे." बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

एवढ्यावर भागलं असतं तर नुकसान त्याच्यापुरतं राहिलं असतं. पण मुलगी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसली आणि ऐन पेपरच्या दिवशी तापाने फणफणली. थोडक्या गुणांनी प्रवेश हुकला. पुन्हा बसते म्हणाली, तेव्हा बाप कडाडला, "तापाचं निमित्त सांगू नकोस. अभ्यास पक्का असता तर तापातही लिहिलं असतंस. तू कमी पडलीस. कमी पडणाऱ्याने गपगुमान मिळेल ते काम करावं."

पोर गुणी, तिने ऐकलं. औषधांच्या गोदामात खोकी भरायला लागली.

थोरला निवृत्त झाला तेव्हा ओतशाळेत सत्कार झाला. मेहनतीला पर्याय नाही, असं त्याने भाषणात घोळून घोळून सांगितलं आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या धाकट्याने. नंतर दोघे मागच्या बाकावर चहा घेत बसले. थोरला खुशीत होता.

"तुझं ते चाक आठवतं का रे?" तो म्हणाला. "काय नशीब असतं बघ! माझं चाक ओतून तू बाहेर गेलास आणि भट्टीच्या पंख्याचा पट्टा तुटला. तुझ्या वाटणीचं लोखंड गार होऊन लाल पडलं. मी मालकांना म्हटलं, थांबू या. ते म्हणाले, ओत, मला जायचंय. मग काय, ओतलं. काठापर्यंत पोचायच्या आधीच थिजलं."

"आणि माझा साचा?"

"साच्याला काय धाड भरली होती? माझ्यापेक्षा सरस होता."

"दादा, तू मला कधी बोलला नाहीस."

"अरे, तू एवढा कारागीर. मला वाटलं, काठ बघूनच तुला कळलं असेल." थोरल्याने कपाकडे पाहिलं. "आणि खरं सांगू? जागा मिळाली होती. गेलो नाही त्या वाटेला."

धाकट्याला भावाचा राग आला, नाही असं नाही. पण त्याहून आधी आठवली ती मुलगी. चहा तसाच टाकून तो थेट गोदामात गेला.

ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. लोखंड गार होतं, साचा चांगला होता. मग घाबरत घाबरत म्हणाला, "बाळ, तुझीही चूक नव्हती. तुला ताप होता. आता पुन्हा बसशील का?"

"वयाची अट उलटून गेली, बाबा."

मुलीने पट्टी खाली ठेवली.

"ताप होता, हे मला माहीतच होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात कमी पडलीस, म्हणून मी ते खरं मानलं. मग मी सोडलं कशासाठी, बाबा?"