गाडीचं तोंड कुणीकडे

लटारू बावणे कुठंही गेला तरी गाडी लावण्याआधी आभाळाकडे बघतो. ऊन आत्ता कुठं आहे, थोड्या वेळानं कुठं सरकेल, याचा अंदाज घेतो आणि मगच गाडीचं तोंड ठरवतो. वडशाच्या एका राइस मिलचा ट्रक त्यानं उभा जन्म चालवला, तेव्हा ही सवय नव्हती. ट्रक तापायचा, तोही तापायचा, दिवस मावळला की दोघं निवायचे. सवय लागली ती समोरच्या काचेवर कॅमेरा आल्यापासून.

साठी जवळ आली तशी मिलनं त्याला थांबवलं. तेव्हा गाड्या भाड्यानं देणाऱ्या हेमराजनं आपली एक गाडी त्याच्या हाती दिली. हेमराजच्या गाड्या एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याला भाड्यानं लागल्या आहेत. नर्सबाई आणि औषधांची खोकी घेऊन जंगलातल्या गावांना जायचं. चालक मधेच सवाऱ्या भरतात म्हणून हेमराजनं प्रत्येक गाडीत कॅमेरा बसवला. गाडी उभी असली तरी समोर कुणी हललं की तो जागा होतो आणि टिपून घेतो, आणि टॉवर मिळाला की ते हेमराजच्या फोनवर जातं.

लटारूच्या गाडीतले दोन कॅमेरे उन्हानं खाल्ले. पहिल्याची बॅटरी फुगून पाठ उघडली. दुसरा फार तापला म्हणून लटारूनं त्यावर ओला दुपट्टा टाकला, तर पाणी आत गेलं. तिसरा बसवताना हेमराज शांतपणे म्हणाला की हाही गेला तर गाडी भाच्याला, अजयला देईन, राग मानू नका. लटारूला राग आला नाही, धडकी भरली. या वयात आपल्या हाती दुसरं कोण स्टिअरिंग देणार?

तो आपणहून चंद्रपूरच्या दुकानात जाऊन विचारून आला. दुकानदारानं सांगितलं, मे महिन्यात बंद गाडी भट्टीच असते, उतरताना कॅमेरा काढून सोबत न्या, हाच उपाय. नाहीतर काचेला आतून चंदेरी पडदा लावा आणि कॅमेरा बंद ठेवा. हेमराजला दोन्ही नको होतं. जो कॅमेरा काढतो किंवा झाकतो त्याला काहीतरी लपवायचं असतं, असं त्याचं पक्कं मत. मग लटारूच्या हाती उरली फक्त सावली.

तेव्हापासून त्याचं एका जागी बसणं संपलं. दवाखाना चालू असताना तो गाडीभोवती घिरट्या घालायचा. दार उघडून उलटा हात कॅमेऱ्याला लावायचा, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. सावली सरकली की गाडी सरकवायचा. बायका हसायच्या, नर्स ललिताबाई म्हणायच्या, "भाऊ, जरा बसा, तुम्हालाच ऊन लागेल."

त्या दिवशी कोहकापारला बायकांची तपासणी होती. अंगणवाडीच्या खोलीत पडदा लावून ललिताबाई बसल्या होत्या. गावात दाट सावली एकाच चिंचेची, आणि तिच्याखाली काच उन्हापासून वाचवायची तर गाडीचं तोंड नेमकं अंगणवाडीच्या दाराकडे येत होतं. लटारूनं तशीच लावली. कॅमेरा थंड होता. बऱ्याच दिवसांनी तो खोडाला टेकून बसला.

पण बायका येईनात. दोघी-तिघी कुडाच्या आडून डोकावल्या आणि परतल्या. ललिताबाईंना वाटलं, उन्हामुळे. लटारू पुन्हा उठून फेऱ्या मारू लागला. शेवटी सोमारी नावाची एक म्हातारी थेट गाडीपुढे येऊन उभी राहिली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

"भाऊ, हा डोळा कोनाले पाहून राह्यला?"

"कोनालेच नाई, बाई. गाडी बंद आहे."

"मंग मी आली तं लाल काऊन झाला?"

सोमारीनं आवाज चढवला नाही. तिची सून पोटाच्या दुखण्यानं कधीची बेजार होती. आज कशीबशी तयार झाली, दारापर्यंत आली आणि हा डोळा बघून घरी गेली. कोणत्या दुखण्यासाठी कोण आत गेलं हे बाहेरच्या माणसानं का बघावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

त्यानं गाडी फिरवून पाहिली. तोंड मावळतीकडे होताच काचेवर ऊन चढलं आणि कॅमेरा हाताला चटका देऊ लागला. दुपट्ट्यानं झाकला तर आणखी तापणार, आणि हेमराजच्या लेखी झाकला काय नि काढला काय, सारखंच. त्यानं खिशातून फोन काढला. टॉवर नव्हता. सोमारी बघत उभीच होती. लटारूनं वायर ओढली, कॅमेरा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पालथा घालून चिंचेखाली ठेवला.

सोमारी सुनेला घेऊन आली. मागून एकेक करत बाकीच्या आल्या. रांग दाराबाहेर गेली. लटारूला मात्र धड बसता येईना. पाणी प्यायला जाताना तो कॅमेऱ्याकडे बघायचा, येताना रस्त्याकडे बघायचा, जणू हेमराजच येत होता.

परतताना मोठ्या रस्त्याला लागताच फोन वाजला. फोन लागतो, मग कॅमेऱ्याचं काहीच का येत नाही, एवढा वेळ गाडी कुठं होती, असं हेमराजनं विचारलं. लटारूनं गाडी कडेला घेऊन सगळं सांगितलं. ललिताबाईंनीही फोन घेऊन तेच सांगितलं. हेमराज म्हणाला, मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे, पण उद्या बाकीचे चालकही हेच सांगतील. मग लटारूला म्हणाला, "निदान विचारायचं तरी होतं, लटारूभाऊ."

"तिथी टावर नाई. विचारू कोनाले, चिंचेले?"

पलीकडे हेमराज हसला की खोकला, ते कळलं नाही. "कॅमेरा चालू आहे ना?"

लटारूनं तो अजून लावून बघितला नव्हता. त्यानं वायर जोडली. कॅमेऱ्याचा छोटा पडदा काळाच राहिला, मग उजळला.

"चालू आहे."

"मंग उद्या गाडी घेऊन जा."

"आन् बंद असता तं?"

"तं अजयले देली असती," हेमराज सरळ म्हणाला आणि फोन ठेवला.

ललिताबाईंनी विचारलं, काय म्हणाले? उद्याही मीच येतो, असं लटारूनं सांगितलं. मग उद्या कोणतं गाव, ते त्यानं विचारलं. त्यांनी नाव घेतलं. ते गाव उघड्या पहाडावरचं होतं. दवाखान्याजवळ झाड म्हणून नव्हतं. लटारूनं गाडी सुरू केली आणि उलटा हात कॅमेऱ्याला लावून बघितला.