आबा मापाऱ्यांचे बोट

आबा मापारी नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो कल्याणच्या बंदरावर. ठाण्याच्या कचेरीत मी तेव्हा कारकुनी करत होतो आणि भाताच्या होड्यांसंबंधी काही कागद घेऊन गेलो होतो. ओल्या वाळूतून चालत त्यांच्यापुढे उभा राहिलो, तर ते माझ्यामागे उमटलेल्या पावलांकडे पाहून म्हणाले, "कारकून दिसता. उजवा पाय जड पडतोय. बगलेत दप्तर आहे, नाही तर मनात काहीतरी." बगलेत दप्तर होते. त्या वेळी मनात काही नव्हते.

त्यांचा धंदा भात मोजण्याचा. बंदरावर होडी लागली की आबा राशीपाशी मांडी घालून बसत, पायली भरत, वरून हात फिरवून सपाट करत आणि रिकामी करत. पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत, जुन्या रिवाजाप्रमाणे 'लाभ' म्हणत. दुसऱ्यापासून मोजणी. "पहिला शब्द लाभाचा," ते म्हणत. "तोटा मागून येतोच, त्याला हाक मारावी लागत नाही." भरताना पायली हलवली की दाणे दबतात, जास्त भात मावतो आणि विकणारा बुडतो. कितीतरी मापारी व्यापाऱ्याला खूश करायला गुडघ्याने हळूच धक्का देत. आबांच्या पायलीला धक्का लागलेला कुणी पाहिला नाही.

हाच माणूस जत्रेत कुस्त्यांच्या जोड्या लावत असे. दोन पहिलवान एकमेकांना पेलतील की नाही हे ठरवायला वजनकाटा कुठून आणणार? आबा आखाड्याच्या कडेची माती सारखी करून घेत, दोघांना तीवरून चालायला लावत आणि उमटलेल्या पावलांत करंगळी उभी धरून खोली पाहत. मग दंड दाबत, मान चाचपत आणि सर्वांत शेवटी तोंडाकडे बघत. "तोंड पाहून पाहुणा ओळखावा, पाऊल पाहून पहिलवान," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. त्यांनी 'जोड नाही' म्हटले की ढोल थांबे. एकदा एका इनामदाराने लावलेली कुस्ती त्यांनी अशी मोडली. इनामदार म्हणाले, "मापाऱ्या, शोभा घालवलीस." आबा म्हणाले, "शोभा परत येईल सरकार. बरगडी येत नाही."

आता आमच्या कुस्तीच्या मंडळीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझी होती. कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात एक गोरा फिटर होता. इंग्रज नव्हे, कुठल्याशा डोंगराळ, चिमुकल्या देशाचा. त्याचे नाव हान्सने सुरू होई, म्हणून लोक त्याला हंसराज म्हणत. तो रोज संध्याकाळी तालमीच्या दारात उकिडवा बसून कुस्त्या बघे. मोडक्या हिंदीत त्याने मला एकदा सांगितले, "हमारा मुलुक छोटा. तुम्हारा ठाणा-कल्याण जितना." पण त्या मुलखात गावागावाची तालीम, पाचदहा गावांची मिळून एक सभा आणि सगळ्या सभांची मिळून देशाची एक मंडळी. नियम एक. खालून वर निवडत जाऊन शेवटी जो उरतो तो देशाचा पहिलवान, आणि दुसऱ्या देशाशी लढायला तोच जातो. "तुम्हारी मंडली कौन?" त्याने विचारले.

मी तेव्हा तिशीचा होतो आणि कचेरीत दुसऱ्याने सांगितलेलेच लिहून कंटाळलो होतो. त्या प्रश्नाने मला पछाडले. ठाणे, कल्याण, कळवा, मानपाडा अशा तालमींच्या वस्तादांना मी वर्षभर गोळा करत होतो. एकाच्या गावी दोन्ही खांदे टेकले की चीत, दुसऱ्याच्या गावी नुसती पाठ लागली तरी चीत. मानपाड्याचे वस्ताद तर म्हणाले, "आमच्याकडं हरलेला कबूल करंल तवाच चीत." शेवटी अकरा कलमे झाली. चौथे कलम आबांच्या हट्टाचे: जोड पाहणाऱ्याच्या संमतीवाचून कोणतीही कुस्ती लावू नये. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिले. मी चिटणीस झालो, आणि जोड पाहणारे अर्थातच आबा. त्यानंतर ते मला चेष्टेने चिटणीस म्हणू लागले. "काय चिटणीस, आज कागद काय म्हणतो?"

दुसऱ्या वर्षी मंडळीतून निवडत निवडत जो उरला तो कळव्याचा धर्मा. आगऱ्याचा मुलगा, मिठागरात राबणारा, बावीस वर्षांचा. बापूस लहानपणीच गेलेला, घरी एकटी आई. खारे पाणी आणि उन्हाने त्याची कातडी तांब्यासारखी झाली होती. बोलणे कमी, हसणे फार. कुणी कितीही पढवले तरी तो आखाड्यात उतरण्याआधी आबांकडे बघे. "तुमी बोल्लाव तर उतरन," एवढेच म्हणे.

आणि मला सुचले की आता दुसऱ्या देशाशी कुस्ती व्हायला हवी. दुसरा देश तर कल्याणच्या कारखान्यात बसलेला होता. हंसराज आनंदाने तयार झाला. मी पत्रके छापली. ठाण्यातच, खोपटाकडच्या माळावर मांडव घातला, कचेरीतल्या साहेबांना बोलावले, मुंबईहून दोन बडी माणसे येणार म्हणून कळवले. आबांनी पत्रक हातात धरून वाचले. मग म्हणाले, "वामन, धर्मा गुणाचा आहे. पण हंसराज म्हणजे दीड धर्मा आहे."

"तुमचं बोट काय म्हणतं ते बघू ना, आबा."

"बघू. चौथं कलम आहे ना तुझं."

आबा नाही म्हणणार हे मला त्याच क्षणी कळले. दोन वर्षांचे काम, छापलेली पत्रके, साहेबांच्या खुर्च्या, सगळे त्या एका करंगळीवर येऊन थांबले होते. मी स्वतःला समजावले की धर्मा चपळ आहे, चपळाई काही मातीत उमटत नाही, म्हातारा ती मोजणार कशी? माणूस स्वतःला समजावू लागला की त्याला फार वेळ लागत नाही.

कुस्तीच्या दिवशी उजाडता उजाडता मी माळावर गेलो. राखणदार शेकोटीसाठी काटक्या आणायला गेला होता. आखाड्याच्या कडेला चालण्याच्या दोन पट्ट्या सारख्या करून ठेवल्या होत्या, एक धर्मासाठी, एक हंसराजासाठी. धर्माच्या पट्टीवर मी एक घागर पाणी ओतले, मुरू दिले आणि वर कोरडी माती भुरभुरली. ओल्या मातीत हलका माणूसही खोल रुततो. हे मला आबांनीच शिकवले होते.

चार घटका दिवस वर आल्यावर आबा आले. त्यांचे गुडघे धरले होते, एकदा खाली बसले की उठवायला दोन माणसे लागत. आधी हंसराजाच्या पावलांपाशी बसले, करंगळी धरली, उठले. मग धर्माच्या पट्टीपाशी बसले. एक पाऊल पाहिले, दुसरे पाहिले, पुन्हा पहिले पाहिले. "डोळा नाही म्हणतोय," ते पुटपुटले, "आणि बोट हो म्हणतंय." मग त्यांनी चिमटीत माती घेऊन चुरली आणि मान वर करून मला विचारले, "वामन, ही ओल कसली?"

"दव पडलंय, आबा. माघ आहे. दोन्हीकडे सारखंच आहे."

त्यांनी पलीकडच्या पट्टीकडे पाहिले. तिथवर जाऊन पुन्हा बसायचे तर पुन्हा दोन माणसे लागणार होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. ज्याने स्वतःच्या हाताने चौथे कलम लिहिले, त्याच्याकडे. "मग जोड आहे," ते म्हणाले. धर्मा हसला आणि त्यांच्या पाया पडून आत उतरला.

कुस्तीबद्दल मी फार लिहिणार नाही. ती फार चाललीही नाही. धर्माने दोनदा पकड सोडवली, लोक ओरडत होते. तिसऱ्यांदा हंसराजाने त्याला उचलला, स्वतःचाच तोल गेला आणि दोघे एकत्र खाली आले. हंसराज वर होता. तो लगेच बाजूला झाला आणि धर्माला हात द्यायला वाकला. धर्मा डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होता, पण हात वर येत नव्हता.

मान मोडली होती. माघापासून चैत्रापर्यंत तो कळव्याला आपल्या झोपडीत पडून होता. आबा दर रविवारी कल्याणहून येत, त्याच्या उशाशी बसत आणि माशा वारत. धर्माची आई त्यांच्याशी बोलत नसे. तिच्या घरी कुणीही आले तरी ती आधी पाण्याचा तांब्या पुढे करी, आबांपुढे तिने तो कधी ठेवला नाही. मीही दोनदा गेलो होतो, मला पाणी मिळाले. दुसऱ्या वेळी धर्मा आबांना म्हणत होता, "आबा, तुमचा बोट चुकला नाय. मीच हलका परलू." मी तिथेच होतो. तेव्हा मी बोलायला हवे होते. मी तांब्या खाली ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो.

धर्मा गेल्यावर मंडळीची सभा झाली. वस्ताद खाली बघत होते. कुणाचा तरी दोष हवा होता. ठराव मी लिहिला: 'जोड पाहण्यात मापाऱ्यांची चूक झाली.' लिहिताना टाक थांबला, तेव्हा आबाच म्हणाले, "लिही रे, लिही. चुकलंच." ती त्या मंडळीची शेवटची सभा. हंसराज त्या पावसाळ्याआधी आपल्या देशी निघून गेला. जाण्यापूर्वी तो आबांच्या घरी आला, टोपी हातात धरून अंगणात उभा राहिला, आणि तसाच परतला.

आबांनी बंदरावर जाणे सोडले. "माणसात चुकलेलं बोट भातात बुडवू नये," म्हणाले. त्यांची विधवा मुलगी यमूताई शिवण करून घर चालवू लागली. आबा रोज सकाळी परसातली माती सारखी करत, अर्ध्या भागावर पाणी शिंपडत, अर्धी कोरडी ठेवत, दोन्हीवरून स्वतः चालत, आणि कसेबसे खाली बसून दोन्ही पावलांत करंगळी धरत. शेजारी म्हणत, म्हाताऱ्याला खूळ लागले. ते आपली चूक शोधत होते. किती दव पडले तर किती फरक पडतो, हे त्यांना ठरवायचे होते.

नऊ वर्षे मी त्यांच्याकडे जात राहिलो. प्रत्येक वेळी सांगायचेच असे ठरवून जाई. आणि प्रत्येक वेळी ते मला विचारत, "वामन, तू होतास तिथे. दवच होतं ना?" कधी हे आल्या आल्या विचारत, कधी निघताना दारात. मी म्हणे, "दवच होतं, आबा." एकदा ते म्हणाले, "मग इतकं रुततं कसं रे? दवाने इतकं रुतत नाही." आणि लगेच माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. तू तरी काय करणार." लोक खोटे एकदा बोलतात आणि त्यातून सुटतात. माझे मी दर दोन-तीन महिन्यांनी, आगगाडीने ठाण्याहून कल्याणला जाऊन, पुन्हा नव्याने बोलत होतो.

गेल्या माघात आबा गेले. बातमी मला उशिरा मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा यमूताई, जिथे त्यांनी प्राण सोडला त्या जागी बसल्या होत्या. आमच्याकडे त्या जागी तांदळाचे पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि वर टोपली झाकतात. मग टोपली उचलून पाहतात, कुठल्या जिवाची पावले उमटली. यमूताईंनी टोपली उचलली. पीठ जसेच्या तसे होते.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांची पावलं पाहिली, स्वतःचं ठेवलं नाही."

मी म्हणालो, "यमूताई, दव नव्हतं."

त्यांनी वर पाहिले. मग मी सगळे सांगितले, घागरीसकट. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "परवा त्यांची वाचा जायच्या आधी मला म्हणाले, वामन आला की विचारून घे, दवच होतं ना. मी म्हटलं, बाबा, किती वेळा विचारलंत. तर म्हणाले, एखाद्या वेळी त्याला आठवेल."

यमूताईंनी टोपली परत झाकली. "तेरावा झाला की कळव्याला चला," त्या म्हणाल्या. "धर्माच्या आईला तुम्हीच सांगायचं. मी बरोबर येईन, पण बोलणार नाही."

गेलो. धर्माची आई आता वाकली आहे. तिने मला ओळखले नाही. ओटीवर बसवले आणि रिवाजाप्रमाणे पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मी त्याला हात न लावता बोललो. आबांपुढे नऊ वर्षांत जे जमले नाही ते तिच्यापुढे थोडक्यात झाले. पाणी, माती, दव. तिने मला एकदाही अडवले नाही.

मग ती माझ्याशी नव्हे, यमूताईंशी बोलली. "म्हातारा दर सालाला येत व्हता. पोराच्या दिसाला. ह्या वटीवरच बसत व्हता. मी त्याला कवा पानी नाय दिला."

यमूताई म्हणाल्या, "ते घरी येऊन प्यायचे, आई. कधी काही बोलले नाहीत."

म्हातारी उठली. माझ्यापुढचा तांब्या तिने उचलला, पायरी उतरून अंगणात गेली आणि सगळे पाणी सावकाश मातीवर ओतले, जसे कुणाला तरी पाजावे तसे. रिकामा तांब्या घेऊन ती आत गेली. बाहेर आली नाही.

आम्ही निघालो. पायरीवरून उतरायला वाट त्या ओल्या मातीतूनच होती. मी अंगाने किरकोळ माणूस, पण माझे पाऊल त्या मातीत घोट्यापर्यंत गेले.