रे हुडाकने निवडलेला गडी

जीन पेट्रोस्कीने जन्मात कधी कुणाशी सरळ सौदा केला नव्हता. म्हणूनच ऑगस्टमधल्या त्या सकाळी त्याचा फोन आला, तेव्हा रे हुडाक सावध झाला.

रे काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. जीनचं नदीकाठी गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. गावातले दहा जण मिळून दर हंगामात एक खेळ खेळत. अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकाने आपला संघ बनवायचा, आणि रविवारी मैदानात ते जे करतील त्याचे गुण आपल्याला. त्यांच्यात एकदा घेतलेला गडी वर्षानुवर्षं तुमचाच राही, म्हणून कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोरांना पारखण्यात खरी कसोटी होती. विशेषतः चेंडू घेऊन धावणाऱ्यांना, कारण ते लवकर झिजतात.

बाकीचे पोराचा वेग बघत. रे बघायचा, कुणी कमरेला मिठी मारली तर ते पुढे पडतं की मागे. चेंडू दुसऱ्याकडे असताना उभं राहतं की साथीदारासाठी अंगावर धक्का घेतं. कॉलेजात त्याला किती राबवून घेतलंय. तरी चुकायचाच. त्याने कौतुकाने घेतलेला एक पोरगा दुसऱ्याच वर्षी विमा विकायला लागला. त्यावरून जीन अजून विचारायचा, “काय रे, माझ्या गाडीचा विमा उतरवतोस का?”

या वर्षी नव्या पोरांतली पहिली निवड रेची होती, आणि त्याच्या मनात टेरेल मॅबरी भरला होता. पण मॅबरीच्या संघात त्या जागेवर एक कसलेला खेळाडू होता. पोराला निदान दोन वर्षं बाकावर बसावं लागणार.

“तुझी पहिली निवड मला दे,” जीन फोनवर म्हणाला. “बदल्यात माझे धावणारे दोन्ही गडी घे.”

दोघेही ऐन भरातले.

“डोक्यावर जॅक पडला का रे तुझ्या?”

“घे म्हणतो ना. या वर्षी जिंक एकदाचा. तू कधीच जिंकला नाहीस.”

“पुढच्या वर्षी जिंकेन की.”

यावर जीनकडे हजार टोमणे असायला हवे होते. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. रेने फोन ठेवला.

स्वयंपाकघरात त्याची बायको लोरेन पिरोगीच्या करंज्यांसाठी पीठ लाटत होती.

“तू जीनला सांगितलंस?” रेने विचारलं.

डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलेलं दोघांतच ठेवायचं ठरलं होतं. रेला स्वादुपिंडाचा कॅन्सर. नाताळ दिसला तर नशीब.

“मी एक शब्द बोलले नाही,” ती म्हणाली. “चर्चमध्ये त्याने सहज विचारलं, रे कसा आहे. मला रडूच आलं.”

रे रागावला नाही. तिच्या कोपराला लागलेलं पीठ त्याने पुसलं.

शनिवारी दुपारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सगळे निवडीसाठी जमले. रे उभा राहिला. “टेरेल मॅबरी.”

एरवी अशा निवडीवर आरडाओरडा व्हायचा, कागदी पेले अंगावर यायचे. रे थांबला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

“अरे, टाळ्या कसल्या वाजवता? पोरगं दोन वर्षं बाकावर बसणार! कुणीतरी गाढव म्हणा मला!”

“चांगली निवड आहे, रे,” केंद्राचा कॅप्टन मार्व्ह हळूच म्हणाला.

“जीन, निदान तू तरी?”

जीनने तोंड उघडलं. “बर्फ आणतो,” म्हणत तो बाहेर गेला. त्याच्या खुर्चीशेजारची पेटी बर्फाने काठोकाठ भरलेली होती.

रे खाली बसला.

घरी आल्यावर लोरेनने विचारलं, “कोणाला घेतलंस?” लग्नापासून फुटबॉलचा विषय निघाला की ती खोलीतून उठून जायची. आज नळ बंद करून ती समोर येऊन बसली.

आता हिनेही माझं मन राखायला सुरुवात केली, रेच्या मनात आलं. “राहू दे,” असं तो म्हणणारच होता. पण जीभ आवरेना. त्याने बशा ओळीने मांडल्या, मीठदाणी त्यांच्यामागे ठेवली. “हा आपला पोरगा. फट उजवीकडे दिसतेय. पण हा एक क्षण थांबतो, आणि—”

“थांबतो का? फट बुजेल ना?”

रेने तिच्याकडे पाहिलं. प्रश्न खरा होता. “समोरचा आधी हलावा म्हणून. तो हलला की डावीकडे वाट होते.”

“हं.” तिने मीठदाणी स्वतःच डावीकडे सरकवून बघितली. “आणि हा खेळणार कधी?”

“दोन वर्षांनी. कदाचित तीन.”

लोरेनने मीठदाणी उचलून पुन्हा बशांमागे ठेवली.

“मग मला आत्ताच नीट शिकव,” ती म्हणाली. “मागाहून जीनला विचारायला लागलं, तर तो काहीही थापा मारेल.”

रेने बशा पुन्हा पहिल्या जागी लावल्या.